दिवंगत लोकप्रतिनिधीच्या नावाचा बगीचा, स्मृतिवन किंवा तलावकाठ: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा नगरसेवक किंवा आमदार हयातभर झाडं लावतो, तलावात भराव पडू देत नाही, उन्हाळ्यात टँकर मागवून रोपं जगवतो. तो गेला की वस्तीतल्या लोकांच्या मनात एकच गोष्ट येते: इथल्या हिरव्या जागेला त्यांचं नाव द्यायचं. इच्छा रास्त आहे. पण नाव मिळाल्यावर बहुतेक ठिकाणी पहिली ट्रॉली येते ती सिमेंटची. म्हणून परवानगीच्या प्रश्नांबरोबर झाडांचे आणि पाण्याचेही प्रश्न इथे घेतले आहेत. लोक पुन्हा पुन्हा पाठवतात तेवढेच प्रश्न निवडले आहेत.

१. आमच्या लेआऊटमधल्या बगीच्याला आमच्या दिवंगत नगरसेवकांचं नाव द्यायचं आहे. सुरुवात कुठून करू?

जागा कोणाची आहे, तिथून. नागपुरात हिरव्या जागांचे मालक बरेच आहेत. काही बगीचे मनपाचे आहेत, काही नासुप्रचे (नागपूर सुधार प्रन्यासचे). सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीचं जैवविविधता उद्यान वनविभागाकडे आहे, गोरेवाड्याचं प्राणी उद्यान वन विकास महामंडळाकडे आणि महाराजबाग कृषी विद्यापीठाकडे. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून मालक ठरवू नका. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, शहराच्या कडेला असाल तर सातबारा काढा आणि लेआऊटच्या मंजूर नकाशात ती जागा 'सार्वजनिक उपयोग' म्हणून दाखवली आहे का ते बघा. कागद मिळत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. कागदावर 'झुडपी जंगल' असा शेरा दिसला तर तिथेच थांबा आणि प्रश्न ११ वाचा.

२. नाव मंजूर कोण करतं?

ज्याची जागा, तो. मनपाच्या बगीच्यासाठी अर्ज झोन कार्यालयात आणि उद्यान विभागात द्यायचा, विषय महासभेपुढे जातो आणि तिथे ठराव होतो. महासभा अस्तित्वात नसते तेव्हा तिचे अधिकार प्रशासकाकडे असतात. मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपल्यावर नागपुरात हेच झालं. नासुप्रच्या जागेसाठी त्यांच्या विश्वस्त मंडळाकडे जावं लागतं. वनजमिनीवरच्या अभयारण्याचं किंवा उद्यानाचं नाव राज्य सरकार ठरवतं, तिथे वस्तीचा अर्ज ही फक्त शिफारस असते.

ठराव होण्याआधी फलक लावू नका. एकदा बेकायदा म्हणून उतरवलेला फलक पुन्हा चढवणं फार जड जातं आणि त्यात कुटुंबाचा जीव दुखावतो तो वेगळाच.

३. अर्जात काय लिहावं? आम्ही फक्त 'लोकप्रिय नेते' असं लिहिलं होतं.

तेवढ्याने काम होत नाही आणि होऊही नये. लोकप्रिय तर बरेच असतात. या माणसाने या जागेसाठी काय केलं, ते लिहा. कोणत्या वर्षी कोणती झाडं लावली, त्यातली आज किती उभी आहेत, पाण्याची सोय कशी केली, कोणत्या सभेत ओपन स्पेस विकायला विरोध केला. सभेचं इतिवृत्त मनपाच्या सचिवालयात मिळतं. बातम्यांची कात्रणं, जुने फोटो, तेव्हाच्या माळ्यांचं आणि चौकीदाराचं म्हणणं जोडा. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं की 'तो कोपऱ्यातला करंज भाऊंनी स्वतः लावला' अशी माहिती निघते. ती लेखी घ्या, खाली सही घ्या. नाव मंजूर होवो न होवो, हा कागद त्या जागेचा इतिहास म्हणून राहतो.

अशी नोंद करताना कधी कधी कळतं की खरं काम दुसऱ्याच कोणी केलं होतं. मग त्या माळ्याचं किंवा शिक्षिकेचंही नाव अर्जात यायला हवं. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य आठवा. त्याला नाव यशवंतराव चव्हाणांचं आहे, पण उजाड डोंगरावर ते उभं करण्यासाठी झटले धों. म. मोहिते, आणि लोक आजही त्या जंगलाबरोबर त्यांचंच नाव घेतात.

४. फलकावर काय असावं?

ज्यांच्या नावाने जागा आहे त्यांचं नाव, त्यांनी इथे काय केलं त्याच्या दोन ओळी आणि मग जागेची माहिती: इथे कोणती झाडं आहेत, कोणते पक्षी येतात, पाणी कुठून येतं. उद्घाटकांची लांबलचक यादी, आजी नेत्यांचे फोटो आणि पक्षाचे रंग टाळा. सरकार बदललं की असे फलक वादात सापडतात. फलक स्वतःच्या खांबावर उभा करा. झाडाला खिळे ठोकू नका आणि तारही आवळू नका. तार सालीत रुतते, खोड तिच्याभोवती फुगतं आणि काही वर्षांनी तिथूनच झाड मोडतं. आणखी एक, आचारसंहितेच्या काळात नेत्याच्या हस्ते लोकार्पण करता येत नाही, तारीख ठरवताना हे लक्षात ठेवा.

५. पुतळा किंवा चबुतरा उभारता येईल का?

पुतळ्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांपर्यंतची परवानगी लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात सार्वजनिक रस्ते, फूटपाथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळे किंवा बांधकामाला परवानगी देऊ नका असं राज्यांना बजावलं आहे. वनजमिनीवर तर वनेतर बांधकामासाठी १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते.

पण परवानगी मिळत असली तरी आम्ही नकोच म्हणू. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूर विसरलेलं नाही. काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं. त्यानंतर सांडव्याजवळचं स्वामी विवेकानंद स्मारक पाण्याच्या वाटेत येतं का, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. स्मारक कितीही थोर माणसाचं असो, पाणी त्याचं नाव वाचत नाही. तलाव, नाला, सांडवा यांच्या वाटेत एक वीटही ठेवू नका. चबुतऱ्याला जेवढं सिमेंट लागतं तेवढ्या खर्चात एक बोअर, एक टाकी आणि माळ्याचा काही महिन्यांचा पगार निघतो.

६. अशा माणसाला स्वतःचं नाव दिलेलं आवडलं असतं का? त्यांच्या मुलीचाच नामकरणाला विरोध आहे.

मुलीचं ऐका. केंद्रीय पर्यावरण राज्यमंत्री अनिल माधव दवे १८ मे २०१७ रोजी गेले. त्यांनी २०१२ मध्येच इच्छापत्र लिहून ठेवलं होतं की माझ्या नावाने स्मारक, पुरस्कार, पुतळा असं काही नको, कोणाला काही करायचंच असेल तर झाडं लावा आणि जगवा, नद्या-तलाव जपा, आणि तेही माझं नाव न वापरता. इतकं स्पष्ट सगळे लिहून ठेवत नाहीत, पण घरच्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक असतो. कुटुंबाची लेखी संमती नसेल तर अर्ज पुढे नेऊ नका. नाव न देता, त्यांच्या तिथीला वस्तीने जमून रोपांना आळी करायची, एवढाही कार्यक्रम होऊ शकतो.

७. कोणती झाडं लावावीत? नर्सरीवाले कोनोकार्पस आणि गुलमोहर देतात.

दोन्ही नका घेऊ. कोनोकार्पस झटपट हिरवं दिसतं, पण इथल्या पाखरांच्या आणि किड्यांच्या उपयोगाचं नाही. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर आणि रोपं तयार करण्यावर बंदीच घातली. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मे महिन्यात देखणा दिसतो, पण वादळात त्याच्या फांद्या आधी पडतात. सुबाभूळ एकदा आली की शेंगांमधून सगळीकडे पसरते आणि मग काढताना घाम निघतो.

नागपूरच्या आसपास पानगळीचं जंगल आहे, त्यातलीच झाडं घ्या. मुरमाड, उथळ जमीन असेल तर पळस, सालई, धावडा, बहावा, बिबा. खोल काळी माती असेल तर कडुनिंब, करंज, शिवण, बेहडा. नाल्याकाठी अर्जुन आणि जांभूळ. जागा मोठी असेल तर मोह लावाच. फळं-फुलं यायला वर्षं लागतात, पण मार्चमध्ये पहाटे मोहाखाली पडलेली फुलं, त्यावर आलेल्या खारी आणि मुंग्या बघायला लहान मुलं आपोआप जमतात. वड, पिंपळ, उंबर यांपैकी निदान एक असू द्या, भिंतीपासून आणि गटारापासून लांब. सेमिनरी हिल्स आणि महाराजबागेत जो राखी धनेश दिसतो तो या झाडांच्या फळांवर जगतो, आणि घरटं करतो जुन्या खोडाच्या ढोलीत. म्हणून वाळलेलं, पोकळ झाड लोकांच्या अंगावर पडायचा धोका नसेल तर उभं राहू द्या. 'मेलेलं झाड काढा' अशा तक्रारी फार येतात, आणि पाखरांच्या बाजूने बोलायला झोन कार्यालयात कोणी नसतं.

८. लावायची कधी आणि पाणी किती दिवस घालायचं?

नेत्याच्या जयंतीला लावायची पद्धत पडली आहे, पण जयंती जानेवारीत असेल तर रोपं मेमध्ये जळणार. मृग लागला म्हणून घाई नको. नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्यानंतर येतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती खोलवर ओली झाली की लावा. खड्डे मात्र उन्हाळ्यातच खणून तापू द्या, दोन फूट लांब, रुंद आणि खोल.

खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्याची. मेमध्ये इथे पारा ४५ च्या पुढे जातो, नवतपात तर सावलीतही अंग भाजतं. काळी माती वाळली की भेगाळते आणि त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. पहिली तीन वर्षं फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा प्रत्येक रोपाला बादलीभर पाणी हवं. वरून शिंपडलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. रोपाशेजारी तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भोकात सुताची वात घाला आणि मडकं भरून ठेवा, पाणी मुळाशी झिरपत राहतं. आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्या. खोडाला मात्र तो चिकटू देऊ नका, वाळवी लागते.

पाण्याची जबाबदारी कोणाची, हे लावण्याआधी नावानिशी ठरवा. 'सगळे मिळून बघू' म्हणालात तर एप्रिलमध्ये कोणीच बघत नाही. रोपं कमी लावली तरी चालतील, जेवढ्यांना पाणी देता येईल तेवढीच लावा.

९. जागा नुसता माळ आहे, गवताशिवाय काही नाही. मियावाकी जंगल करावं का?

'काही नाही' असं म्हणण्याआधी मार्च ते जून या काळात सकाळी तासभर तिथे शांत बसून बघा. टिटवी उघड्या मुरमावर चार खडे मांडल्यासारखी अंडी घालते. दोन पावलांवरूनही ती दिसत नाहीत, आणि खड्डे खणणाऱ्याच्या फावड्याखाली सगळ्यात आधी तीच जातात. जवळ गेलात की नर-मादी डोक्यावर घिरट्या घालून ओरडतात, तेव्हा मागे फिरा. चंडोलही गवतातच घरटं करतो. जुना माळ हाच एक पूर्ण अधिवास असतो, तो झाडांनी झाकू नका. घाणेरी आणि गाजरगवत उपटा, कडेने सावलीची झाडं लावा, मध्ये गवत राखा.

मियावाकीत एका चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. मलबा टाकून खराब झालेल्या, चहूबाजूंनी इमारती असलेल्या तुकड्यावर ही पद्धत उपयोगी पडते. आतून फिरता मात्र येत नाही, त्यामुळे म्हाताऱ्यांच्या बसायच्या जागेवर करू नका. रोपांच्या निवडीला प्रश्न ७ मधलंच लागू.

१०. आमच्या तलावाला नाव दिलं तर तो कायद्याने सुरक्षित होईल का?

नावामुळे कसलंही संरक्षण मिळत नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मनोरंजनासाठी वगैरे मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत, आणि नागपूरचे बहुतेक तलाव बांधलेले आहेत. भोसलेकालीन फुटाळ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच सांगितलं की तो या नियमांखालचा पाणथळ प्रदेश ठरत नाही. पण तलावात कायमचं बांधकाम नको, ही उच्च न्यायालयाची अट कायम राहिली. त्यामुळे 'पाणथळ नाही, म्हणजे वाट्टेल ते करा' असा अर्थ कोणी सांगत असेल तर मानू नका.

तलाव वाचतो तो त्यात येणाऱ्या पाण्यामुळे. पाणलोटातले नाले मोकळे आहेत का, सांडपाणी कुठून मिसळतं, जलपर्णी कधी वाढते, हे वर्षभर टिपून ठेवा. तक्रारीला अशी वही जोडली की उत्तर द्यावंच लागतं.

११. जागेवर 'झुडपी जंगल' असा शेरा आहे. तिथे स्मृतिवन करता येईल?

हा खास विदर्भाचा प्रश्न. पूर्व विदर्भात झुडपी म्हणून नोंदलेली ८६ हजार हेक्टरहून अधिक जमीन आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच आहे असा निकाल दिला. म्हणजे कुंपण, फाटक, पेव्हर ब्लॉक, सभामंडप यांतलं काहीही परस्पर करता येणार नाही. झाडं लावायची असली तरी वनविभागाला विचारूनच. बहुतेक वेळा तिथे लावण्यापेक्षा चराई आणि वणवा थांबवणं जास्त कामाचं ठरतं. पळस, धावडा, तेंदू मुळापासून पुन्हा फुटतात, त्यांना दोन-चार वर्षं कोणी छेडलं नाही तर झुडपाचं झाड होतं. उन्हाळ्याआधी गवतात जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारी मोकळी पट्टी, काढायला वनरक्षकाला हात द्या, स्मृतिवनाचं ते खरं काम आहे.

१२. जागेला आधीच जुनं नाव आहे. ते बदलावं का?

जुनं नाव पुसू नका, हवं तर नवं नाव त्याला जोडा. गोरेवाड्याच्या प्राणी उद्यानाला २०२१ मध्ये बाळासाहेब ठाकरेंचं नाव दिलं गेलं, तेव्हा आदिवासी संघटनांनी गोंडवाना हे नाव मागितलं होतं. हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलेलं, तेव्हा त्या मागणीमागे मोठा इतिहास आहे. लोकांच्या तोंडी मात्र आजही 'गोरेवाडा'च आहे. गांधीसागरालाही जुनी माणसं शुक्रवारी तलाव किंवा जुम्मा तलावच म्हणतात. तुमच्या टेकडीला, नाल्याला गावठाणात काय म्हणतात ते आधी विचारा. त्या नावात बरेचदा तिथल्या झाडाची किंवा देवाची खूण असते.

१३. भाऊंनी लावलेलं झाड रस्ता रुंदीकरणात येतं. वाचवता येईल?

महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली शहरातलं झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. नोटीस झाडावर लागते आणि वर्तमानपत्रातही येते, तेव्हा मुदतीत लेखी हरकत घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळं स्थान आहे. ते तोडावंच लागलं तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. म्हणून प्रश्न ३ मधली लागवडीच्या वर्षाची नोंद इथे उपयोगी पडते, वय सिद्ध करायला तोच कागद लागतो. हरकतीत भावना लिहा, पण सोबत रस्ता दोन मीटर वळवल्याचा कच्चा नकाशाही जोडा. दुसरीकडे हलवून लावू असं आश्वासन मिळालं तर फार विसंबू नका, मोठी झाडं हलवल्यावर बरेचदा मरतात.

१४. सफाईवाले बगीच्यातला पाला जाळतात. काय करावं?

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली आहे, दंड ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये. पण झाडूवाल्या ताईंवर तक्रार ठोकण्याआधी त्यांना पाला टाकायला जागा करून द्या. कोपऱ्यात जाळीचे दोन हौद केलेत की पाल्याचं खत होतं आणि उन्हाळ्यात आळ्यांवर घालायला तोच पाला लागतो.

१५. पोळ्याला पळसाचे मेढे, दसऱ्याला आपटा, होळीला लाकूड. लोक फांद्या तोडून नेतात. आमच्याच लोकांना अडवायचं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात नाजूक आहे. सण आपलेच आहेत, माणसंही आपलीच. पळसाचं झाड छाटणी सोसतं, पुन्हा जोमाने फुटतं. म्हणून मेढ्यांसाठी सरळ मार्ग असा की पोळ्याच्या आदल्या दिवशी बगीचा सांभाळणाऱ्या वस्तीच्या समितीनेच मोठ्या पळसांच्या खालच्या फांद्या धारदार कोयत्याने कापून फाटकावर वाटाव्यात. ओरबाडून तोडलेल्या फांदीबरोबर खोडाची साल सोलून येते आणि ती जखम भरत नाही, कापलेली भरते. तीन वर्षांखालच्या रोपांना हात लावू द्यायचा नाही.

आपट्याचं तसं नाही. झाडं मुळात थोडी, आणि सोनं म्हणून लोक कांचनाचाही पाला ओरबाडतात. तिथे फाटक बंदच ठेवा आणि दसऱ्याच्या आधी दोन दिवस चौकीदाराबरोबर वस्तीतल्या मुलांना बसवा. मुलं मोठ्यांना जास्त ठामपणे अडवतात. होळीसाठी वर्षभरातली पडझड साठवून ठेवा, तेवढ्यातच होळी करा. वडाच्या फांद्या वटपौर्णिमेला विकायला नेणारे बाहेरचे असतात, त्यांच्यासाठी मात्र सरळ झोन कार्यालयाला फोन.

१६. दुसऱ्या पक्षाची सत्ता आली तर नाव बदलेल का?

ठरावाने दिलेलं नाव दुसऱ्या ठरावाने बदलता येतं, त्याला कायमची हमी नाही. अर्जावर सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांच्या सह्या घेतल्या असतील, फलकावर कोणाचा रंग नसेल आणि समितीत विरोधी बाजूचे दोन लोक पाणी घालायला येत असतील तर बदलायला सहसा कोणी पुढे येत नाही. आणि बदललंच, तर फलकापायी भांडत बसू नका. नव्या फलकाखाली तीच वही, तेच मडके आणि तीच पाण्याची पाळी चालू ठेवा. पाळी चुकली तर एका उन्हाळ्यात रोपं जातात. नावाचा अर्ज पुढच्या महासभेत पुन्हा करता येतो.